हाताचं पुस्तक, कपाटाचं पुस्तक

शेख मॅडमनी पर्समधून लवंग काढून तोंडात टाकली, की समोरच्याने ओळखायचं, आता आपली परीक्षा सुरू झाली. लवंग दाढेखाली धरून, हाताची घडी घालून त्या खुर्चीत मागे रेलायच्या आणि गप्प व्हायच्या. एरवी त्यांच्या तोंडाला खीळ नव्हती. जिन्यात भेटलेल्या कुरिअरवाल्याचीही त्या गाव, घर, पोरंबाळं अशी साग्रसंगीत चौकशी करायच्या. पण तोंडात लवंग असेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, हा नेम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता, आणि तो मोडलेला मी तरी कधी पाहिला नाही.

माझी परीक्षा नोकरीच्या पहिल्याच दिवशी झाली. मी नुकतीच इंजिनिअर झालेली, लासूर स्टेशनहून रोज ये-जा करणारी, आणि डोक्यात भरपूर हवा. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. मॅडमनी माझ्यापुढे एक यंत्र ठेवलं, एक कागद ठेवला, म्हणाल्या, "कागद वाचा अन् यंत्र चालू करा," आणि लवंग टाकली. मला वाटलं, हा काय पोरखेळ! तिसऱ्या ओळीवर मी अडकले. 'वेळ निश्चित करा' असं तिथे लिहिलं होतं. कुठे करायची, कोणतं बटण दाबायचं, काही कळेना. मी विचारलं. मॅडमनी नुसतं कागदाकडे बोट केलं. पुन्हा विचारलं, पुन्हा बोट. शेवटी मी वैतागून म्हणाले, "मॅडम, मला नाही जमत हे." तेव्हा त्यांनी लवंग चावून गिळली, पेन्सिल उचलली आणि ती तिसरी ओळ काटून टाकली.

"तुमचं बोट कुठं थांबतंय तेवढंच बघत होते मी," त्या म्हणाल्या. "नाराज नका होऊ. वाचणारा कधी चुकत नाय, वर्षाबाई. चुकतं ते वाक्य."

मी लवंगेचं विचारलं, तर हसल्या. "मी लई बोलकी. कुणी अडकलं की माझ्या तोंडून पटकन निघतं, 'अहो, ते निळं बटण दाबा.' मग वाटतं कागद पास झाला, अन् पास झालेली असते मी. पंपाच्या खोलीत मी थोडीच जाऊन बसणार हाय? तिथं कागदालाच बोलायचंय."

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. इथल्या माणसाला हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. प्रत्येक भागाचा एक पाण्याचा दिवस असतो, तो चुकला की पुढच्या दिवसाची वाट बघत बसायचं. मुलीचं केळवण ठरवतानाही 'त्या दिवशी पाणी आहे का' हे आधी बघितलं जातं. आमची कंपनी मोठ्या सोसायट्यांसाठी एक यंत्र आणि त्याचं सॉफ्टवेअर बनवायची. नळाला आधी नुसती हवा येते, मग गढूळ पाणी, मग चांगलं. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी हे यंत्र आपोआप व्हॉल्व्ह उघडायचं, हौद भरून घ्यायचं आणि मोटर लावून पाणी वरच्या टाकीत चढवायचं. सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. ते वापरायचं कसं, हे शेख मॅडम लिहायच्या. आणि आम्ही प्रोग्रामर मंडळी मनातल्या मनात त्यांना खालची पायरी देत होतो, हे सांगून टाकलेलं बरं.

त्यांचं पूर्ण नाव नसीम शेख. मूळच्या देवगाव रंगारीच्या. वडिलांचं तिथे मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतकरी जळलेल्या मोटरी घेऊन यायचे, दुरुस्त करून न्यायचे, आणि आठ दिवसांत तीच मोटर जाळून परत आणायचे. "अब्बा म्हणायचे, 'समजलं का?' असं कुणाला विचारू नये, माणूस लाजेखातर 'व्हय' म्हणतो. 'करून दाखव' म्हणावं." मॅडमनी पुढे मराठी घेऊन बी.ए., बी.एड. केलं आणि एका खाजगी शाळेत कितीतरी वर्षं मराठी शिकवलं. नोकरी कायम होईल, होईल म्हणता म्हणता तुकडीच बंद झाली. मग त्या आमच्याकडे आल्या. आमचे मालक पाटील साहेब त्यांना घेताना म्हणाले होते म्हणे, "मॅडम, मराठीत मॅन्युअल लिहायचं आहे. फार काही नाही, इंग्रजीवरून उतरवायचं." मॅडमनी त्यातलं एक पानही तसं उतरवलं नाही.

त्यांच्या हिशेबाने प्रत्येक यंत्राला दोन पुस्तकं लागत. एक हाताचं पुस्तक. पुस्तक म्हणजे एकच जाड कागद, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला, पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवायचा. दुसरं कपाटाचं पुस्तक. ते जाडजूड, त्यात सगळं. प्रत्येक सेटिंग, प्रत्येक बिघाड, प्रत्येक आकृती. ते सोसायटीच्या ऑफिसात राहायचं. हाताच्या कागदावर काय घ्यायचं, यावर मॅडमचा जीव नुसता खालीवर होत असे. एखादी ओळ आत घ्यायची की नाही यावर त्या दोन-दोन दिवस विचार करायच्या. आम्ही टिंगल करायचो. त्या म्हणायच्या, "हात ओला हाय, मोटर गरगरतेय, वरून बाया ओरडतायत पाणी आलं नाय म्हणून. अशात माणूस किती वाचंल, सांगा बरं?"

आधी त्या कागदावर बऱ्याच ओळी होत्या. मग एका सोसायटीतल्या माणसाला ओल्या हाताने यंत्राची पेटी उघडताना शॉक बसला. जिवावरचं बोटावर निभावलं. 'आधी मेन स्विच बंद करा' ही ओळ कागदावर होती, पण बाकीच्या ओळींच्या गर्दीत ती त्याला दिसलीच नव्हती. मॅडम स्वतः त्याला बघायला दवाखान्यात गेल्या. परत आल्यावर त्यांनी कागद आठ ओळींवर आणला, आणि मेन स्विचची ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात घेतली. ज्या ओळी निघाल्या त्या कपाटाच्या पुस्तकात गेल्या.

पाटील साहेबांचं मत वेगळं होतं. त्यांना जाड पुस्तक प्रिय. त्यांनी ते कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरात बांधून घेतलं होतं. "गिऱ्हाइकाच्या हातात वजन पडलं पाहिजे," असं ते म्हणत. त्यात त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. पूर्वी एका गिऱ्हाइकाने 'हे तुम्ही सांगितलंच नव्हतं' म्हणून त्यांना फार छळलं होतं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता, की सगळं लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कुणी काही बोललं तर पान उघडून दाखवता येतं. मॅडम हे ऐकून मान डोलवायच्या आणि माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणायच्या, "एखादी गोष्ट लपवायची असंल ना, तर तिच्याभोवती सगळं लिहून टाकायचं. कुणाला सापडत नाय."

त्यांच्या या हाताच्या आणि कपाटाच्या हिशेबाची खरी कसोटी लागली ती हर्सूलकडच्या एका सोसायटीत.

त्या सोसायटीत सांडूभाऊ नावाचे वॉचमन होते. कन्नड तालुक्यातले. पंपाच्या खोलीला लागून एक खोली त्यांना दिलेली, तिथे ते बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुलींसह राहायचे. गेटही तेच सांभाळायचे आणि पाणीही तेच. एका उन्हाळ्यात वादळ झालं, झाडं पडली, तारा तुटल्या आणि त्या भागातली वीज एक दिवस आणि एक रात्र गेली. आमच्या यंत्रात आतल्या घड्याळासाठी छोटी बॅटरी असते. वीज इतका वेळ गेली की ती उतरते, घड्याळ मागे जातं आणि यंत्राला आजची तारीखच कळत नाही. वीज आल्यावर पडद्यावरची तारीख बघून ती दुरुस्त करावी लागते. नेमका दुसरा दिवस पाण्याचा होता. पहाटे नळाला पाणी आलं. यंत्राच्या लेखी तो पाण्याचा दिवसच नव्हता, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडला नाही. सांडूभाऊंनी कागदावर लिहिल्याप्रमाणे हिरवा दिवा बघितला. दिवा लागलेला होता. यंत्राला वीज मिळतेय एवढाच त्या दिव्याचा अर्थ, पण त्यांनी समजलं सगळं ठीक आहे. हौद कोरडा आहे हे लोकांच्या लक्षात आलं तोपर्यंत नळ बंद झाला होता. आता पुढचा पाण्याचा दिवस येईपर्यंत अख्ख्या सोसायटीने काय करायचं?

भर उन्हाळा. टँकर मागितला तर वेळेवर मिळेना. लोक पेटले. सोसायटीचे चेअरमन निकम साहेब, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी कमिटीची बैठक बोलावली आणि पाटील साहेबांना फोन करून सांगितलं, की वॉचमनच्या हलगर्जीपणामुळे हे झालं असेल तर त्याला काढायचं, आणि यंत्राची चूक असेल तर कंपनीला सोडायचं नाही. पाटील साहेबांनी तत्काळ कपाटाचं पुस्तक काढलं. बॅटरीचं पान सापडलं. सगळं लिहिलेलं होतं. ते खूश झाले. म्हणजे कंपनी वाचली आणि सांडूभाऊ गेले, असा तो हिशेब होता. नोकरी गेली असती तर खोलीही गेली असती, आणि मुलींची शाळाही.

रविवारी सकाळी आम्ही तिघं पाटील साहेबांच्या गाडीतून निघालो. साहेब गाडी चालवता चालवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त पान उघडून दाखवायचं. बाकी मी बोलतो." मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या.

बैठक पार्किंगमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, बायका मागे उभ्या, आणि एका खांबाला टेकून सांडूभाऊ उभे. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. साहेबांनी पुस्तक निकम साहेबांपुढे ठेवलं. निकमांनी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली: "दीर्घकालीन विद्युतपुरवठा खंडित झाल्यास अंतर्गत घड्याळाची पुनर्स्थापना संभवते. तत्पश्चात कालनिर्देशांची पडताळणी करणे इष्ट." वाचता वाचता ते दोनदा अडखळले. मागून एक बाई म्हणाल्या, "म्हणजे काय करायचं?" पाटील साहेब घाईने म्हणाले, "म्हणजे लिहिलेलं आहे. सूचना दिलेली होती, हे महत्त्वाचं."

मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"लिहिलेलं हाय, साहेब. मीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण मीठ डब्यात हाय म्हणून भाजीला चव येत नाय. सांडूभाऊच्या हातात मी जो कागद दिला, त्यात ही ओळ नव्हती. आधी होती. मी काढली. कागदात जेवढं होतं तेवढं सगळं त्यांनी केलं. हिरवा दिवा बघा म्हटलं, त्यांनी बघितला. त्यांनी काहीच चुकवलं नाय. ओळ कुठं ठेवायची ते मी ठरवलं, अन् माझं ठरवणं चुकलं."

निकम साहेब म्हणाले, "म्हणजे कंपनीची चूक तुम्ही मान्य करता?"

"कंपनीचं साहेब बोलतील. मी माझं बोलले."

पाटील साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण ते माणूस म्हणून वाईट नव्हते. थोडा वेळ घुटमळून त्यांनी पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत कंपनीतर्फे टँकर पुरवायचं कबूल केलं. निकम साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, की सांडूला काढायचा विषय संपला, पण कंपनीचा वार्षिक करारही संपला. लोक उठले. मला वाटलं, चला, मॅडमनी गड राखला. आता सांडूभाऊ येतील, हात जोडतील, मॅडमचे आभार मानतील.

सांडूभाऊ आले. पण आभार मानायला नाही. चांगलेच चिडलेले होते.

"मॅडम, एक इचारू का? ते जाड पुस्तक मला का नाय दिलं?"

"ते... ते ऑफिसात असतं, सांडूभाऊ. कपाटात."

"अन् कपाटाला कुलूप असतं. किल्ली चेअरमन साहेबांकडं. मला काय वाचता येत नाय व्हय? मी बारावीला गेलेला माणूस हाय. इथं गेटवर बसून दिवसभर पेपर वाचतो, जाहिरातीसुदीक सोडत नाय. तुम्ही मला आठ ओळी दिल्या अन् परस्पर ठरवून टाकलं, याला एवढंच झेपंल म्हणून. एवढ्या लोकांत माझी बाजू घेतली ते बरं केलं. पण पुस्तक दिलं असतं तर बाजू घ्यायची येळच आली नसती."

मी मध्ये काहीतरी बोलणार होते. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं. त्यांना लागलं होतं. सगळ्या गावाला सांगत आलेल्या, की वाचणारा चुकत नाही. आणि एक वाचणारा समोर उभा राहून विचारत होता, की मी वाचणारा आहे असं तुम्हाला वाटलं तरी होतं का?

"देते," त्या एवढंच म्हणाल्या. त्यांनी निकम साहेबांच्या टेबलावरून ते सोनेरी अक्षरांचं पुस्तक उचललं, आणि पाटील साहेबांच्या देखत सांडूभाऊंच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी फर्मान काढलं, की आता हाताच्या कागदावर सगळंच टाका, पुन्हा ही भानगड नको. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलाच प्रकार. मॅडम म्हणाल्या, "साहेब, सगळं टाकलं की मेन स्विच पुन्हा हरवंल. तारखेची ओळ आत येईल. पण एक आत आली, की एक बाहेर गेली पाहिजे." कोणती बाहेर काढायची यावर त्यांनी पूर्ण दुपार घालवली. शेवटी त्यांनी जी ओळ काढली, ती होती साहेबांच्या आग्रहाखातर राहिलेली 'आमचे उत्पादन निवडल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार'. साहेब महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मॅडमना फोन आला. सांडूभाऊ. "मॅडम, व्हॉल्व्हचं पान लागलं, पण एक वाक्य कळंना. वाचून दाखवू का?" त्यांनी वाचलं. मॅडमनी ऐकलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि 'नंतर सांगते' म्हणाल्या. मग फोन ठेवून माझ्याकडे वळल्या.

"वर्षाबाई, मलाच कळलं नाय हो."

"काय?"

"माझंच वाक्य. मी लिहिलेलं." त्या खुर्चीत बसल्या. "इतकी वर्षं झाली, ह्या जाड पुस्तकाबद्दल एका माणसाचा फोन आला नाय. मला वाटायचं, चांगलं लिहिलंय म्हणून येत नाय. अहो, कुणी उघडलंच नव्हतं! हाताच्या कागदाची मी शंभरदा परीक्षा घेतली. ह्याची एकदाबी नाय. कुणी वाचणार नाय हे मला लिहितानाच माहीत होतं. कपाटाचं पुस्तक मी कपाटासाठीच लिहिलं."

मी त्यांना इतकं खिन्न झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मी काहीतरी समजुतीचं बोलले. म्हणाले, मॅडम, मोठं पुस्तक असंच असतं, त्यात सगळं असावं लागतं, मग ते थोडं जड होणारच. त्यांनी मान हलवली. "सगळं असावं लागतं, हे बरोबर. जड असावं लागतं, हे कुणी सांगितलं? घरात सामान लई असलं तरी दिवा लावता येतो की नाय?"

आणि त्यांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतलं. त्यातलं काही कमी करायचं नाही, ही अट त्यांनीच घातली. कमी करणं सोपं असतं, त्यात त्यांचा हात बसलेला होता. आता सगळं ठेवायचं होतं आणि तरी वाचता आलं पाहिजे होतं. त्या रोज दुपारी जेवण झाल्यावर सांडूभाऊंना फोन लावायच्या आणि नवं लिहिलेलं पान वाचून दाखवायच्या. पलीकडून 'हां' आलं की पुढे. 'नाय समजलं' आलं की त्या तिथे फुली मारायच्या. कधीकधी सांडूभाऊ म्हणायचे, "मॅडम, हे समजलं, पण हे मला कवा लागंल?" मग ते सगळं पान उचलून दुसरीकडे जायचं. 'पुनर्स्थापना संभवते' गेलं आणि 'घड्याळ मागे जातं' आलं. पाटील साहेबांनी एकदा ही फोनाफोनी ऐकली आणि वैतागून म्हणाले, "मॅडम, करारसुद्धा राहिलेला नाही त्या सोसायटीचा. एका वॉचमनसाठी एवढा खटाटोप?"

"साहेब, आतापर्यंत एकासाठीबी नव्हता. आता एक तरी हाय."

प्रत्येक नव्या सोसायटीत त्यांनी आणखी एक हट्ट धरला. जाड पुस्तक पंपाच्या खोलीतच ठेवायचं, आणि हाताच्या कागदाच्या शेवटी एक ओळ: 'बाकीचं मोठ्या पुस्तकात आहे. ते इथेच, खालच्या फळीवर आहे.' चेअरमन लोकांना हे आवडायचं नाही. एवढं महागाचं पुस्तक वॉचमनच्या खोलीत कशाला, ओलं होईल, फाटेल. मॅडम म्हणायच्या, "फाटू द्या. फाटलं म्हणजे उघडलं." त्या वर्षभरात दोन पुस्तकं फाटून आली, तर त्यांनी ती पेढे आल्यासारखी सगळ्या ऑफिसात फिरवली. तेलाचे डाग कोणत्या पानांवर जास्त आहेत ते त्यांनी मला दाखवलं. "ह्या पानाला लोक लई येतात. हे पुढं आणलं पाहिजे."

मी त्यांच्याकडून काय शिकले, हे सांगायचं तर थोडं अवघड आहे. मी अजूनही प्रोग्रामच लिहिते. पण पूर्वी मी एखादी सोय करून मोकळी व्हायचे, आता ती सांगायची कशी याचा विचार आधी करते. सांगता येत नसेल तर सोयच बदलते. मॅडमना मी हे एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "चला, म्हणजे माझं काम कमी झालं," आणि डबा उघडून मला शीरखुर्मा दिला. मला त्या फार आवडायच्या. हे मात्र त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

पुस्तक निम्म्याच्या पुढे सरकलं होतं. व्हॉल्व्ह झाला, घड्याळ झालं, मोटर झाली. मग मॅडमना कावीळ झाली. आधी सगळ्यांनी नेहमीची कावीळ म्हणून मनावर घेतलं नाही, मग तपासण्या झाल्या, आणि मग ते काविळीवर थांबणारं दुखणं नव्हतं असं कळलं. त्या दवाखान्यातूनही फोन करायच्या. त्यांची मुलगी माझ्यावर रागावली, की तुम्ही अम्मीला कामाचे फोन करू देऊ नका. मी काय करणार? फोन त्या करत होत्या. शेवटच्या आठवड्यात त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की सांडूभाऊंना सारखं 'काय?' म्हणावं लागायचं. मग फोनही बंद झाले.

त्या गेल्या त्या दिवशी मी शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी गेले. आत बायकांत बसले. जनाजा निघाला, पुरुष कब्रस्तानाकडे गेले. बऱ्याच वेळाने मी बाहेर आले, तर गल्लीच्या तोंडाशी सांडूभाऊ उभे होते. डोक्याला रुमाल बांधलेला, चपलेला माती. तेही माती द्यायला गेले होते. मला बघून ते पुढे आले. मग ते म्हणाले, "मॅडमचं बाकीचं राहिलं. फिल्टरचं, पाइपाचं, सगळं. आता कोण लिवणार?"

मराठी माझं शाळेपुरतं, लिहिण्याची सवय नाही. ऑफिसात मॅडमच्या टेबलावर जुन्या पुस्तकाची फिल्टरची पानं होती, त्यात 'गाळणयंत्रणेचे नियमित शुद्धीकरण अभिप्रेत आहे' वगैरे. मी ती घरी आणली. चार दिवस त्यांवर बसले. काय काय खोडलं, काय काय लिहिलं, पुन्हा खोडलं. एक पान कसंबसं झालं. धड झालं की नाही हे सांगणारं ऑफिसात कुणी नव्हतं. दुपारी जेवण झाल्यावर मी सांडूभाऊंना फोन लावला.

"सांडूभाऊ, वर्षा बोलतेय. फिल्टरचं एक पान लिहिलंय. ऐकता का जरा?"

पलीकडे मोटरचा मोठा आवाज येत होता. "थांबा ताई, मोटर बंद करतो," ते म्हणाले. आवाज थांबला. खुर्ची ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"हां," ते म्हणाले. "वाचा आता. सावकाश."